परदेशातल्या मराठी ब्लॉगरांचा कट्टा: बांधायचा कसा, चालवायचा कसा

व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, दोन दिवसांत साठ जण येतात, प्रत्येक जण आपापल्या ब्लॉगची लिंक टाकतो. तिसऱ्या आठवड्यात तिथे 'शुभ सकाळ' आणि 'न्यू जर्सीत चांगला सीए कुणाच्या ओळखीचा आहे का' एवढंच उरतं. परदेशात राहून मराठीत लिहिणाऱ्यांना एकत्र आणायचे बरेच प्रयत्न याच वाटेने विझतात. साठ जण लिहायला आले होते, वाचायला कुणीच आलं नव्हतं. म्हणून कट्टा उभारताना सदस्यांकडून लेखन मागू नका, वाचन मागा. लिहिणारा आपल्या घरी लिहितोच आहे. त्याच्याकडे वाचक नाही, आणि तीच त्याची अडचण आहे.

मराठीत जालावरचं सामूहिक लेखन नवं नाही. मायबोली १९९६ साली अमेरिकेतून सुरू झाली, पुढे २००४मध्ये मनोगत आणि २००७मध्ये मिसळपाव आलं. तिथे लेखन संस्थळाच्या अंगणातच होतं आणि प्रतिसादही तिथेच मिळतात. ब्लॉगरांचं तसं नाही. प्रत्येकाचं घर वेगळं, दार वेगळं. पूर्वी ही दारं फीड-वाचकाने, म्हणजे अनेक ब्लॉगांचे नवे लेख एका जागी दाखवणाऱ्या साधनाने, जोडलेली होती. १ जुलै २०१३ला गूगल रीडर बंद झालं आणि रोज सकाळी पंधरा ब्लॉग चाळायची अनेकांची सवय मोडली. आता ती सवय हाताने लावावी लागते, आणि कट्ट्याचं निम्मं काम तेच आहे.

आधी गणित

बारा जणांपासून सुरुवात करा. प्रत्येकाने महिन्याला दोन लेख लिहिले तर लेख झाले चोवीस. प्रत्येक लेखाला तीन धड प्रतिक्रिया मिळायच्या तर महिन्याला बहात्तर प्रतिक्रिया लागतात, म्हणजे माणशी सहा. आठवड्याला दीड प्रतिक्रिया हे काम नोकरी, मुलं आणि बर्फ उपसणं सांभाळून होतं. माणशी बारा प्रतिक्रिया मागितल्या की लोक दुसऱ्याच महिन्यात गळायला लागतात.

बारा जणांच्या चार-चारच्या तीन पंगती करा. पंगतीतल्या एकाने लेख टाकला की उरलेल्या तिघांनी पाच दिवसांत प्रतिक्रिया द्यायची. ती लेखकाच्या ब्लॉगवरच द्यायची, ग्रुपवर नाही. ग्रुपवरची दाद दोन दिवसांत वाहून जाते, लेखाखालची दहा वर्षांनंतरही दिसते. 'छान लिहिलंय' मोजायचं नाही. किमान तीन वाक्यं हवीत: कोणता तपशील लक्षात राहिला, कुठे कळलं नाही, आणि एक प्रश्न. प्रश्न महत्त्वाचा, कारण पुष्कळदा त्याच्या उत्तरातून लेखकाला पुढचा लेख सापडतो.

पंगती दर तीन महिन्यांनी बदला. तसं केलं नाही तर चौघांची गट्टी जमते, एकमेकांचं सगळंच आवडायला लागतं आणि बाकीच्यांना परकं वाटतं. सदस्य चाळीस झाले तरी माणशी सहाचं गणित तेच राहतं, फक्त पंगती दहा होतात. सगळ्यांनी सगळं वाचायचा आग्रह मात्र धरू नका. महिन्याला ऐंशी लेख कुणीही वाचत नाही, आणि वाचल्याचं सोंग लगेच कळतं.

माणसं कुठे शोधायची, कशी बोलवायची

अट सोपी ठेवा: ब्लॉगवर किमान पाच लेख, शेवटचा लेख सहा महिन्यांच्या आतला, आणि लेखक भारताबाहेरच्या कुठल्या तरी देशात राहतो किंवा अलीकडेपर्यंत राहत होता. 'लवकरच सुरू करणार आहे' म्हणणाऱ्यांना वाचक म्हणून घ्या, पंगतीत बसवू नका. पाच लेखांची अट उद्धट वाटते खरी. पण ती नसेल तर पंगतीतली निम्मी पानं रिकामी राहतात आणि वाढणारे कंटाळतात.

शोधताना 'मराठी ब्लॉग' असा शोध घेऊन फारसं हाती लागत नाही. गावाचं नाव आणि बोलण्यातला शब्द एकत्र टाका: 'म्युनिक' आणि 'भाड्याचं घर', 'दोहा' आणि 'डबा', 'टोरांटो' आणि 'पहिला बर्फ'. जुन्या ब्लॉगांच्या उजव्या पट्टीत आवडत्या ब्लॉगांची यादी असते. त्यातले बरेच दुवे मेलेले असतात, पण जिवंत निघतात ते सहसा कामाचे असतात. मंडळांच्या स्मरणिकाही चाळा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासून आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१पासून. स्मरणिकेत दरवर्षी लिहिणाऱ्या माणसाचा स्वतःचा ब्लॉग असायची शक्यता बरीच असते. मात्र कट्टा मंडळाची शाखा करू नका. मंडळाच्या निवडणुका, रुसवे आणि गणपतीची वर्गणी सगळं मागोमाग येतं.

सगळे एकाच खंडातले घेऊ नका. बारापैकी आठ जण कॅलिफोर्नियात असतील तर लेखही तेच होतात: रस्ते, मॉल, इंडियन स्टोअरमधली कोथिंबीर. आखात, युरोप, पूर्व आशिया-ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका या चारही पट्ट्यांतून किमान दोघे तरी असू द्या.

निमंत्रणाआधी त्या माणसाच्या दोन लेखांवर खरी प्रतिक्रिया द्या. आठवडाभराने पत्र पाठवा. ते छोटं असावं आणि त्यात त्याच्याच लेखातलं काहीतरी असावं:

'नमस्कार. हेलसिंकीत नारळ खवून फ्रीझरमध्ये ठेवण्याबद्दलचा तुमचा लेख वाचला. खवलेला नारळ आधी ताटात पसरून गोठवायची युक्ती ठाऊक नव्हती. परदेशातून मराठीत लिहिणारे आम्ही अकरा जण एकमेकांचे ब्लॉग नेमाने वाचतो. महिन्याला सहा प्रतिक्रिया द्यायच्या, एवढीच अट. लेखन तुमच्या ब्लॉगवरच राहील. एक महिना बसून पाहा, नाही जमलं तर निरोप न देता उठलात तरी चालेल.'

शेवटचं वाक्य गाळू नका. बाहेर पडायची मोकळीक असली की लोक आत यायला तयार होतात.

जागा

तीन जागा लागतात, आणि त्या वेगवेगळ्याच ठेवायच्या. लेखन प्रत्येकाच्या ब्लॉगवर. सगळ्यांचे नवे लेख एकत्र दिसतील असं एक पान, त्याला खिडकी म्हणू. आणि बोलायला एक ओटा.

खिडकीसाठी प्रत्येक ब्लॉगचा फीड, म्हणजे त्याच्या नव्या लेखांची आपोआप तयार होणारी यादी, लागतो. वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहिलं की तो मिळतो. ब्लॉगरमध्ये 'फीड्स', 'पोस्ट्स', 'डीफॉल्ट' असे तीन तुकडे जोडावे लागतात. एखाद्याच्या ब्लॉगवर मराठी लेखांबरोबर इंग्रजी तांत्रिक लेखही असतील तर पूर्ण फीड घेऊ नका. त्याला मराठी लेखांना एक लेबल लावायला सांगा आणि त्या लेबलाचाच फीड घ्या. फ्रेशआरएसएससारखं मोफत सॉफ्टवेअर किंवा वर्डप्रेसवरचा फीड गोळा करणारा प्लगिन पुरतो. तासाला एकदा तपासणी पुष्कळ झाली. दर पाच मिनिटांनी विचारत बसलात तर काही सर्व्हर तुम्हालाच बंदी घालतात.

खिडकीत लेखाचे पहिले चाळीस-पन्नास शब्दच दाखवा आणि पुढे मूळ ब्लॉगचा दुवा द्या. पूर्ण लेख दाखवला तर वाचक मूळ ब्लॉगवर जात नाही, प्रतिक्रिया पडत नाही आणि शोधयंत्राला कधीकधी खिडकीच मूळ लेख वाटते. या एका चुकीपायी चांगले लेखक नाराज होऊन बाहेर पडतात, आणि त्यांचं चुकत नाही.

ओट्यासाठी पहिले सहा महिने साधा ईमेल गट बरा. व्हॉट्सॲप सगळ्यांच्या हातात असतं आणि ग्रुपला १,०२४ सदस्यांची मुभा आहे, पण तिथे फोन नंबर सर्वांना दिसतो, जुनी चर्चा सापडत नाही आणि रात्री अडीचला सिडनीचा फोन वाजतो. तो फक्त भेटीच्या दिवशी, भेटीपुरता वापरा. तीस-चाळीस सदस्य झाल्यावर डिस्कोर्ससारखा चर्चामंच घ्यायला हरकत नाही. त्याला किमान १ जीबी मेमरीचा सर्व्हर लागतो, २ जीबी असेल तर तो अडखळत नाही. खरा अडथळा ईमेलचा असतो. स्वस्त सर्व्हरवरून बाहेर पत्रं पाठवायचा मार्ग बहुधा बंद ठेवलेला असतो, त्यामुळे पत्रं पाठवणारी वेगळी सेवा जोडावी लागते. नाहीतर नव्या सदस्याला खातं उघडायचं पत्रच पोचत नाही आणि त्याला वाटतं आपल्याला घेतलं नाही.

आठवड्याचं पत्र काढत असाल तर दोन गोष्टी सांभाळा. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहू पाठवणाऱ्याच्या डोमेनची ओळख पटवणाऱ्या नोंदी मागतात. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही लावून टाका, नाहीतर पत्र स्पॅममध्ये जातं. दुसरी गोष्ट खास आपली. जीमेल १०२ केबीपुढचं पत्र मध्येच कापतं. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून दीड हजार शब्दांचा लेख सहज २८-३० केबी होतो. चार लेख पूर्ण टाकलेत की चौथ्याचा शेवट गेला. पत्रातही पन्नास शब्द आणि दुवा, एवढंच द्या.

देवनागरीतले खड्डे

मराठी लेखांचे पत्ते हा पहिला खड्डा. ब्लॉगरवर शीर्षक देवनागरीत असेल तर पत्त्यात नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि काही आकडे येतात. दोन वर्षांनी कुठला लेख कोणता ते कुणालाच कळत नाही. वर्डप्रेस देवनागरी पत्ता घेतं, पण २०० बाइटांत बसवून. पत्त्यासाठी संकेतात बदललेलं एक चिन्ह नऊ जागा खातं, म्हणजे काना-मात्रांसकट जेमतेम बावीस चिन्हं मावतात. 'परदेशातल्या मराठी ब्लॉगरांचा मेळावा, भाग १' हे शीर्षक 'परदेशातल्या-मराठी-ब्लॉगर' इथेच तुटतं. 'भाग २'सुद्धा नेमका तिथेच तुटतो, मग वर्डप्रेस त्याला नुसता आकडा चिकटवतं. शिवाय असा दुवा कुणाला पाठवला की टक्केचिन्हांची दोन ओळींची माळ दिसते आणि घाबरून कुणी तिच्यावर टिचकी मारत नाही. उपाय एकच: प्रकाशित करण्याआधी पत्ता हाताने, रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा लिहा. नंतर बदललात तर जुने दुवे मोडू शकतात.

दुसरा खड्डा 'ऱ्य'चा. हे जोडाक्षर दोन प्रकारे टंकलं जातं. काही कीबोर्ड खालच्या टिंबाचा ऱ आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. खिडकीत 'सह्याद्रीच्या दऱ्या' शोधलं की निम्मे लेख सापडत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे काही सॉफ्टवेअर अदृश्य चिन्ह खाऊन टाकतात. मग दऱ्यांचा दर्या होतो, आणि लग्नाच्या लेखातल्या आचाऱ्यांना आचार्यांचा मान मिळतो. तसंच 'ॲ'चं. कुणी एकच अक्षर टंकतं, कुणी अ टंकून वर चंद्र देतं. युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणाने (वेगवेगळ्या प्रकारे टंकलेली सारखी अक्षरं एकरूप करण्याने) ही दोन्ही दुखणी बरी होत नाहीत. खिडकी चालवणाऱ्याने शोधसूचीत जाण्याआधी दोन बदल स्वतः लावायचे: र-हलन्त-जोडचिन्ह असेल तिथे ऱ-हलन्त, आणि अ-चंद्र असेल तिथे ॲ. मूळ लेखाला हात लावायचा नाही, फक्त सूचीला.

तिसरी गोष्ट डोळ्यांच्या सुखाची. पानाच्या भाषेचा कोड हिंदी किंवा इंग्रजी राहिला असेल तर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. कोड मराठीचा करा आणि मराठी रूपं असलेला फाँट घ्या, पाकळीचा ल आणि देठाचा श परत येतात. आणि श्रीलिपीच्या काळातले, युनिकोड नसलेल्या फाँटमधले लेख कुणाकडे असतील तर ते आधी रूपांतरित करून घ्या. शोधयंत्राच्या लेखी ती नुसती रोमन अक्षरांची रद्दी असते.

घड्याळ

महिन्यातून एक बोलती भेट हवी. चाळीस मिनिटं पुरेत: एकाने आपला लेख वाचायचा, बाकीच्यांनी बोलायचं. पण कॅलिफोर्निया ते ऑकलंड सगळ्यांना सोयीची वेळ अस्तित्वातच नाही. ती शोधण्यात दोन महिने घालवू नका. दोन वेळा ठरवा आणि आलटून पालटून घ्या.

पहिली वेळ शनिवारी भारतातले रात्रीचे साडेआठ. तेव्हा दुबईत संध्याकाळचे सात, लंडनमध्ये दुपारचे तीन किंवा चार, न्यूयॉर्कला सकाळचे दहा किंवा अकरा, कॅलिफोर्नियात सात किंवा आठ. दुसरी वेळ शनिवारी भारतातले दुपारचे दीड. तेव्हा मस्कतला बारा, दोहा-कुवेतला अकरा, सिंगापूरला चार, सिडनीत संध्याकाळचे सहा किंवा सात, ऑकलंडला आठ किंवा नऊ, लंडनमध्ये सकाळचे आठ किंवा नऊ. रविवार टाळायचं कारण आखात. संयुक्त अरब अमिरातीत २०२२पासून शनिवार-रविवार सुट्टी आहे, पण कुवेत, कतार, ओमान आणि सौदीत शुक्रवार-शनिवार असते. तिथल्या माणसाला रविवारी कचेरी असते.

'किंवा' येतं ते घड्याळं पुढेमागे करण्यामुळे. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे नेते, युरोप शेवटच्या रविवारी. परत येताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. म्हणून मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावरचा एक आठवडा लंडन-न्यूयॉर्कचं अंतर पाचऐवजी चार तास असतं. याच आठवड्यांत निम्मे लोक एक तास चुकून येतात आणि रिकामा पडदा बघून जातात. वेळ नेहमी भारताच्या घड्याळाला बांधा, कारण ते हलत नाही. सूचनेत प्रत्येक गावाची वेळ लिहा, 'आपापल्या वेळेनुसार' असं लिहू नका.

काय लिहायचं: खो

परदेशातल्या ब्लॉगाला एक ठरलेला आजार असतो. पहिल्या वर्षी सगळं नवं वाटतं, लेख धो-धो येतात. तिसऱ्या वर्षी तेच गाव सवयीचं होतं आणि 'लिहिण्यासारखं काही घडत नाही' असं सुरू होतं. खरं तर तिसऱ्या वर्षीच लिहिण्यासारखं असतं. पहिल्या वर्षीचा बर्फ सगळे सारखाच लिहितात. जर्मनीत घर बदलल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो मिळवताना काय काय होतं, हे तिथे राहिलेल्यालाच लिहिता येतं.

यावर मराठी ब्लॉगांचा जुना खेळ कामी येतो: खो. एकाने विषय घेऊन लिहायचं आणि शेवटी तिघांना खो द्यायचा. विषय अरुंद ठेवा. 'परदेशातले अनुभव' हा विषयच नव्हे. 'घरातलं सगळ्यात जुनं भांडं आणि ते विमानातून कसं आलं', 'शेजाऱ्याने कशाची तक्रार केली', 'मुलाच्या शाळेतला पहिला डबा', 'इथला मासेबाजार आणि त्यात न मिळणारा मासा' असे विषय चालतात. खो मिळाल्यापासून तीन आठवडे मुदत. नाही जमलं तर खो पुढे द्यायचा, कारण विचारायचं नाही. एका वेळी एकच खो फिरवा, दोन सुरू झाले की दोन्ही मरतात.

माहितीपर लेखांना एक शिस्त लावा. व्हिसा, कर, शाळाप्रवेश, वाहन परवाना यांवरच्या लेखात पहिल्याच ओळीत देश, शहर आणि महिना-वर्ष असावं. हे नियम वर्षा-दोन वर्षांत बदलतात. चार वर्षांपूर्वीचा लेख वाचून कुणी चुकीची कागदपत्रं घेऊन रांगेत उभं राहिलं तर दोष कट्ट्यावर येतो.

भांडणं कुठून येतात

राजकारणातून येतात, हे सांगायला नको. ओट्यावर पक्ष आणि जात हे विषय बंद ठेवा. ज्याला लिहायचं आहे त्याने आपल्या ब्लॉगवर लिहावं, खिडकीत ते दिसेलही. पण मराठी कट्ट्यावर पहिला भडका बहुधा शुद्धलेखनावरून उडतो. कुणी पहिल्यांदाच धीर करून आजीच्या आजारपणावर लिहितं आणि पहिली प्रतिक्रिया येते: 'आणि'चा णि ऱ्हस्व असतो. तो माणूस पुन्हा लिहीत नाही. नियम असा करा: लेखकाने 'चुका सांगा' असं स्वतः लिहिलं असेल तरच चुका सांगायच्या, त्याही खासगी पत्रातून. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडीतलं लेखन ही चूक नव्हे, हे नियमांत स्पष्ट लिहा, नाहीतर कुणीतरी 'प्रमाण मराठी'चा झेंडा घेऊन येतोच.

दुसरा भडका 'तुम्ही तिकडे सुखात बसून इथल्या रस्त्यांवर बोलू नका' या वाक्याचा. ते बाहेरचे वाचक ब्लॉगवर लिहितात. त्याला काय करायचं ते ब्लॉगमालकाने ठरवावं. कट्ट्याने टोळी करून तुटून पडू नये.

नियम मोडणाऱ्याला आधी खासगी पत्र, दुसऱ्यांदा दोन आठवडे ओटा बंद, तिसऱ्यांदा बाहेर. निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा आणि ते दोघे एकाच गावचे नसावेत.

नाव, व्हिसा, पैसा

टोपणनावाने लिहायची पूर्ण मुभा द्या. कारण निव्वळ लाजाळूपणाचं नाही. २०१९पासून अमेरिकेच्या व्हिसा अर्जात मागच्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती विचारतात. आखातात नियम आणखी कडक आहेत. अमिरातीत दुसऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय टाकणं हा गुन्हा ठरू शकतो. म्हणून भेटीचे फोटो, पडद्याची छायाचित्रं, 'आमचे सदस्य' असं कंपनीच्या नावासकट पान, यांतलं काहीही विचारल्याशिवाय जाहीर करू नका. सदस्याकडून चारच गोष्टी घ्या: लेखनातलं नाव, ईमेल, ब्लॉगचा पत्ता, देश. युरोपातल्या सदस्यांमुळे २५ मे २०१८पासून लागू असलेला डेटासंरक्षणाचा कायदा (जीडीपीआर) तुमच्यापर्यंत पोचतो. कुणी 'माझी माहिती काढून टाका' म्हटलं तर महिन्याच्या आत काढायची, आणि राखीव प्रतीतूनही. ब्रिटनमधले सदस्य बरेच असतील आणि स्वतःचा चर्चामंच चालवत असाल तर तिथला २०२३चा ऑनलाइन सुरक्षा कायदा वाचा. मार्च २०२५पासून छोट्या मंचांनाही धोक्यांचं लेखी मूल्यमापन करून ठेवावं लागतं. सुरुवातीला नुसता ईमेल गट बरा म्हणण्याचं हेही एक कारण.

पैसा जितका कमी तितका कट्टा निरोगी. डोमेन आणि छोटा सर्व्हर धरून वर्षाला साधारण शंभर-दीडशे डॉलरमध्ये भागतं. दोघा-तिघांनी ते आळीपाळीने भरावेत, हिशेब ओट्यावर टाकावा. अमिरातीतल्या सदस्याला वर्गणी गोळा करायला सांगू नका, तिथे परवान्याशिवाय निधी जमवणं बेकायदा आहे. अमेरिकेत एच-१बी (नोकरीच्या) किंवा एफ-१ (शिक्षणाच्या) व्हिसावरच्या माणसाला ब्लॉगवर जाहिराती लावून कमवायला उत्साहाने सुचवू नका. ते परवानगीविना काम धरलं जाऊ शकतं, आधी त्याने वकिलाला विचारावं. आणि 'गावच्या शाळेला मदत करू या' अशी चांगली कल्पना निघाली तर सावध राहा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचे पैसे, ओसीआय कार्ड असलं तरी, भारतात परदेशी देणगी धरले जातात आणि संस्थेकडे २०१०च्या एफसीआरए कायद्याखालची नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी बँकेमार्गे दिलेले पैसे त्यात येत नाहीत. एकाच पेटीत दोन्ही मिसळले की शाळाच अडचणीत येते.

दिवाळी अंक

काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून लिहिणाऱ्या मराठी माणसाला शरद ऋतूत अंकाची हुक्की येते. कट्ट्याला ती पहिल्या वर्षी आली तर दाबून टाका. दुसऱ्या वर्षी काढा, पंधरा लेखांहून मोठा नको. २०२६चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. उलटं मोजा: वीस आठवडे आधी, म्हणजे २१ जूनला, आवाहन. दहा आठवडे आधी, ३० ऑगस्टला, लेख बंद. त्यानंतर गणपती येतात आणि दहा दिवस कुणी हाताला लागत नाही, हे धरूनच चला. संपादनाला सप्टेंबरचा उत्तरार्ध, मुद्रितशोधनाला ऑक्टोबरचे तीन आठवडे. प्रत्येक लेख दोघांनी तपासायचा. शेवटचा आठवडा फक्त मोबाइलवर पानं उघडून पाहण्यासाठी राखा, कारण वाचणारे बहुतेक तिथेच वाचणार.

लेख मागताना लिहून घ्या की हक्क लेखकाचा, कट्ट्याला फक्त अंकात ठेवायची परवानगी, आणि तीन महिन्यांनी तो लेख लेखक आपल्या ब्लॉगवर टाकू शकतो. चित्रं स्वतः काढलेलीच घ्या. शोधयंत्रातून उचललेल्या पणतीच्या फोटोचं बिल येऊ शकतं.

किल्ल्या

कट्टा भांडणाने जसा मोडतो तसाच संपलेल्या क्रेडिट कार्डानेही मोडतो. डोमेन एकाच्या नावावर, त्याचं कार्ड बदललं, सूचना जुन्या कंपनीच्या ईमेलवर गेल्या. डॉट कॉम डोमेनची मुदत टळल्यावर नोंदणी कंपनीनुसार जास्तीत जास्त ४५ दिवस साध्या नूतनीकरणाची सवलत असते, पुढे ३० दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, नंतर ५ दिवसांत ते बाजारात जातं. म्हणून डोमेन, सर्व्हर आणि ईमेल गट या तिन्हींच्या किल्ल्या वेगवेगळ्या देशांतल्या दोघांकडे ठेवा, डोमेन एकदम तीन-चार वर्षांचं भरा आणि खात्याला वैयक्तिक ईमेल द्या, नोकरीचा नव्हे.

सदस्यांचे ब्लॉगही जपायला शिकवा. ब्लॉगरची प्रत गूगल टेकआउटमधून निघते, वर्डप्रेसची साधनांच्या यादीतल्या निर्यातीतून. वर्षातून दोनदा, गुढीपाडवा आणि दसऱ्याला, सगळ्यांना आठवण पाठवा. निर्यातीत मजकूर येतो, पण वर्डप्रेसच्या फाइलीत चित्रं नसतात, नुसते त्यांचे पत्ते असतात. ती वेगळी उतरवायची. गूगलचं निष्क्रिय खात्याचं व्यवस्थापन प्रत्येकाने लावून ठेवावं. तीन ते अठरा महिन्यांतली मुदत निवडता येते, आणि त्यानंतर खात्यातली माहिती ठरवलेल्या माणसाच्या हाती जाते.

दर जानेवारीत फीडची यादी तपासा. वर्षभर मुका असलेला ब्लॉग खिडकीतून काढा, पण पुसू नका. 'जुनी घरं' असं एक पान करा, तिथे त्याचा दुवा ठेवा आणि त्याचे महत्त्वाचे लेख इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून त्या प्रतीचाही दुवा शेजारी द्या. मग त्या लेखकाला दोन ओळी लिहा. 'लेखन का थांबलं' असं विचारू नका, त्याच्या एखाद्या जुन्या लेखाखाली नवी प्रतिक्रिया टाकल्याचं कळवा.